पुळण साफ करणारं यंत्र : पट्टा, चेन आणि पीटीओ शाफ्टची निगा कशी राखायची

गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पुळणीवर काय काय दिसतं, ते किनाऱ्यावरच्या माणसाला सांगायला नको. पाट, हारांच्या तारा, निर्माल्य, थर्माकोलचे तुकडे आणि पावसाळाभर समुद्राने आणून टाकलेल्या बाटल्या, चपला, तुटकी जाळी. हे सगळं हाताने वेचायचं म्हटलं तर अख्खा गाव लागतो. म्हणून ट्रॅक्टरमागे ओढायचं पुळण साफ करणारं यंत्र आलं. मुंबईत जुहू, वर्सोवा अशा चौपाट्यांवर अशी यंत्रं चालतात.

यंत्र आलं की फोटो निघतो, नारळ फुटतो. पण हे यंत्र कामाने जितकं झिजतं, त्याहून जास्त काम झाल्यावर तसंच उभं ठेवल्याने मरतं. खारं पाणी आणि वाळू अंगावर घेऊन रात्रभर उभं राहिलेलं यंत्र सकाळी थोडं जास्त गंजलेलं असतं. पहिला बळी जातो तो कचरा वर नेणाऱ्या पट्ट्याचा आणि त्याला फिरवणाऱ्या भागांचा. हे भाग काही वेगळे नाहीत. रोटाव्हेटर, मळणी यंत्र किंवा भुईमूग काढणी यंत्र वापरणाऱ्या शेतकऱ्याला ते आधीपासूनच माहीत आहेत. फरक फक्त मिठाचा आहे.

यंत्र चालतं कसं

कंपनीप्रमाणे रचना बदलते, पण ढोबळ मार्ग एकच असतो. ट्रॅक्टरच्या मागच्या पीटीओला दुर्बिणीसारखा आत-बाहेर होणारा पीटीओ शाफ्ट जोडलेला असतो. त्याच्या दोन्ही टोकांना क्रॉस असतात. हा शाफ्ट यंत्राचा गिअरबॉक्स फिरवतो. गिअरबॉक्सकडून चेन आणि दातेरी चक्र्यांमार्फत ताकद पट्ट्याच्या मुख्य रोलरला मिळते. काही यंत्रांत चेनऐवजी हायड्रॉलिक पंप आणि मोटर हे काम करतात.

पट्टा साधारण दोन प्रकारचा असतो. एकात रबरी पट्ट्यावर स्प्रिंगसारखे लवचिक दाते बसवलेले असतात. ते वाळू विंचरतात आणि कचरा उचलून वर नेतात. दुसऱ्यात लोखंडी जाळीचा किंवा सळयांचा पट्टा असतो. पातं वाळूचा वरचा थर कचऱ्यासकट पट्ट्यावर चढवतं, पट्टा हलत वर जातो, वाळू खाली गळते आणि कचरा मागच्या टाकीत पडतो. भुईमूग काढणी यंत्रात माती गाळून शेंगा वर येतात, तसंच हे.

मीठ आणि वाळू नेमकं काय करतात

समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. पाणी सुकतं, मीठ लोखंडावर राहतं. पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं, तेच यंत्रावर होतं. हवेतली आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच ओलं होतं. कोकणात बऱ्याच रात्री हवा याहून दमट असते. म्हणजे दिवसा सुकं दिसणारं यंत्र रात्री पुन्हा खाऱ्या पाण्यात भिजतं. ‘आज पाण्यात गेलो नव्हतो, धुवायची गरज नाही’ हा हिशेब म्हणूनच चुकतो.

वाळूचं दुखणं वेगळं. वाळूतले गारेचे कण साध्या लोखंडापेक्षा कठीण असतात. तेल-ग्रीसमध्ये ते मिसळले की पॉलिश पेपरसारखं काम करतात आणि चेनची पिन, बेअरिंगची गोळी, ऑइल सीलची कड हळूहळू खातात. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर काही ठिकाणी काळी वाळू आहे, तिच्यात इल्मेनाइट हे खनिज असतं. ते गारेच्या वाळूपेक्षा पुष्कळ जड असतं. त्यामुळे तेवढ्याच खोलीवर पातं ठेवलं तरी पट्ट्यावर जास्त वजन चढतं. काळ्या वाळूत आणि ओल्या वाळूत पातं वर घ्यावं, ट्रॅक्टर हळू हाकावा. ओली वाळू गळतही नाही, नुसती पट्ट्यावर बसून वर जाते. ओहोटीनंतर वरची पुळण सुकली की काम चांगलं होतं.

आधी चावी खिशात

पुढची सगळी कामं एका नियमावर चालतात. पीटीओ बंद, इंजिन बंद, चावी काढून खिशात. मगच यंत्राला हात.

पीटीओ बहुतेक ट्रॅक्टरवर मिनिटाला ५४० फेरे फिरतो. म्हणजे एका सेकंदाला ९ फेरे. उपरण्याचं टोक, सैल बाही, लुंगी, साडीचा पदर किंवा ओढणी शाफ्टला लागली, तर माणूस ‘थांब’ म्हणेपर्यंत ती गुंडाळून झालेली असते. म्हणून शाफ्टवरचं प्लास्टिकचं कव्हर तुटलं असेल तर यंत्र जोडूच नये. कव्हर शाफ्टबरोबर फिरू नये म्हणून त्याला बारीक साखळी असते, ती यंत्राला अडकवलेली पाहिजे.

पट्ट्यात दोरी किंवा जाळं अडकलं की चालू यंत्रात हात घालून ओढायचा मोह होतो. इथेच बोटं जातात. पट्टा हळू फिरत असला तरी रोलर आणि पट्टा यांच्या फटीत गेलेला हात मागे येत नाही. यंत्र वर उचलून खाली काम करायचं असेल तर नुसत्या हायड्रॉलिकवर विसंबू नये, खाली भक्कम लाकडी ठोकळ्याचा किंवा यंत्राबरोबर आलेला टेकू द्यावा. मुलांना यंत्राजवळ फिरकू देऊ नये. पुळणीवर यंत्र आलं की पोरं मागे धावतातच, म्हणून एक माणूस त्यासाठी वेगळा ठेवावा.

निघण्यापूर्वी १० मिनिटं

सकाळी ट्रॅक्टरला यंत्र जोडताना पुढच्या गोष्टी बघून घ्याव्यात.

१. पट्टा एका बाजूला सरकलेला नाही ना. जोडाची पिन जागेवर आहे ना.
२. दाते वाकलेले, तुटलेले किती. एकाच ओळीत दोन-तीन गेले असतील तर तिथला कचरा राहतो आणि शेजारच्या दात्यांवर भार येतो.
३. चेन ढिली की ताठ. चेन लॉक नीट बसलंय ना.
४. नट-बोल्ट. कंपनाने सगळ्यात आधी ढिले होतात ते बेअरिंग ब्लॉकचे आणि गिअरबॉक्सच्या पायाचे.
५. गिअरबॉक्सखाली किंवा होज पाइपखाली तेलाचा डाग आहे का.
६. पीटीओ शाफ्टची लॉक पिन ‘खट’ आवाज होऊन बसली का. शाफ्ट ओढून बघावा.

मग कमी वेगावर यंत्र रिकामं दोन मिनिटं फिरवावं आणि लांबून ऐकावं. रोज ऐकणाऱ्या माणसाला बदललेला आवाज लगेच कळतो.

परत आल्यावर अर्धा तास

या अर्ध्या तासावर यंत्राचं आयुष्य ठरतं. क्रम महत्त्वाचा आहे.

आधी यंत्र २०-३० मिनिटं थंड होऊ द्यावं. गरम बेअरिंगवर गार पाणी पडलं की आतली हवा आकसते आणि सीलच्या फटीतून पाणी आत ओढलं जातं. तोवर शाफ्टला गुंडाळलेली जाळी, दोऱ्या, हारांच्या तारा कोयत्याने किंवा कटरने कापून काढाव्यात. मासेमारीच्या जाळ्याचा नायलॉन धागा फार बारीक असतो. तो सीलखाली घुसला की सील कापतो आणि मग वाळूला वाट मिळते. सुरूची बोंडं आणि नारळाची सोडणं रोलरच्या टोकाला अडकून बसतात, तीही काढावीत.

त्यानंतर गोड्या पाण्याने धुवावं. खाडीचं किंवा मचूळ विहिरीचं पाणी चालत नाही. साधा पाइप आणि ब्रश पुरतो. प्रेशर वॉशर असेल तर बेअरिंग, ऑइल सील, होजचे जोड आणि वायरिंगवर त्याची धार मारू नये. ती धार घाण काढण्याऐवजी आत ढकलते. पट्ट्याच्या आतल्या बाजूला, दोन्ही रोलरच्या मधे साचलेली वाळू विसरू नये. बाहेरून चकचकीत आणि आत पाटीभर वाळू, असं बऱ्याच वेळा असतं.

धुऊन झालं की सगळ्यांना लांब करून यंत्र पाच मिनिटं रिकामं फिरवावं, म्हणजे पाणी झटकलं जातं. पुन्हा पीटीओ बंद, चावी खिशात. मग तेल-ग्रीस. ग्रीस धुण्याआधी नाही, धुतल्यावर द्यायचं. नवीन ग्रीस आत गेलं की आत शिरलेलं पाणी आणि घाण बाहेर ढकललं जातं.

पट्टा : ताण आणि सरळ चाल

पट्टा घसरतोय म्हणून बोल्ट आवळत सुटणं ही नेहमीची चूक आहे. जास्त ताणलेला पट्टा रोलरची बेअरिंग खातो आणि स्वतःचा जोड उचकटतो. भरल्या पट्ट्यानिशी रोलर घसरत नाही, एवढाच ताण पुरे.

रबरी पट्टा एका बाजूला पळत असेल तर आवळण्याआधी रोलर बघावा. रोलरच्या एका टोकाला ओली वाळू चिकटून थर बसला की तिथे रोलर जाड होतो आणि पट्टा त्या जाड बाजूकडे ओढला जातो. खरवडून काढलं की बऱ्याचदा दुखणं तिथेच संपतं. रोलरला लागून स्क्रॅपर असेल तर त्याची कड झिजली का तेही पाहावं.

रोलर स्वच्छ असूनही पट्टा सरकत असेल, तर ज्या बाजूला तो सरकतोय त्या बाजूचा ताणाचा बोल्ट पाव आटा आवळावा. पट्टा नेहमी ढिल्या बाजूला पळतो, म्हणून ती बाजू आवळली की तो मधे येतो. पाव आट्यानंतर यंत्र सुरू करून पट्ट्याचे दोन-तीन पूर्ण फेरे होऊ द्यावेत आणि लांबून बघावं. एकदम दोन आटे दिले की पट्टा दुसऱ्या कडेला जाऊन फ्रेमला घासतो. बोल्ट फिरवताना यंत्र बंदच पाहिजे.

जाळीच्या किंवा सळयांच्या पट्ट्याला ही युक्ती लागू नाही. त्याच्या दोन्ही कडांना चेन असते, म्हणून दोन्ही बाजू सारख्याच ताणायला लागतात. टेप घेऊन दोन्हीकडे फ्रेमपासून बेअरिंगपर्यंतचं अंतर मोजावं, ते सारखं आलं पाहिजे. एका बाजूची चेन जास्त लांबली असेल तर नुसती तीच बदलू नये, जोडीनेच बदलावी. नाहीतर सळया तिरक्या होतात आणि चक्रीच्या दातांवर चढतात.

चेन आणि चक्र्या

शेतात बऱ्याच ठिकाणी चेनवर ग्रीस थापायची सवय असते. पुळणीवर ते चालत नाही. उघड्या चेनवरचं ग्रीस वाळू धरून ठेवतं आणि चेनच कापायला लागतं. चेन ब्रशने साफ करावी, धुवावी, सुकवावी. मग पातळ तेल खालच्या चेनच्या आतल्या बाजूने, कड्यांच्या सांध्यांत थेंब थेंब सोडावं. चेन यंत्र बंद ठेवून हाताने पुढे सरकवत जावी. पंधरा मिनिटांनी बाहेरचं तेल फडक्याने पुसून काढावं. तेल सांध्याच्या आत हवं, बाहेर हवी ती फक्त पुसट ओल. डब्यात बंद असलेल्या, तेलात बुडणाऱ्या चेनची गोष्ट वेगळी. तिथे तेलाची पातळी आणि डब्याचं पॅकिंग बघायचं.

चेन किती ढिली असावी? दोन चक्र्यांच्या मधल्या अंतराच्या साधारण २ ते ३ टक्के. अंतर ५०० मि.मी. असेल तर ढिल्या बाजूला चेन मधोमध १० ते १५ मि.मी. हलली पाहिजे. कंपनीच्या पुस्तिकेत वेगळं माप असेल तर तेच धरावं.

चेन संपली का हे डोळ्याने कळत नाही, मोजावं लागतं. एक इंच पिचच्या चेनच्या १२ कड्या पिनच्या मध्यापासून पिनच्या मध्यापर्यंत मोजल्या तर नवीन चेनमध्ये ३०५ मि.मी. भरतात. पाऊण इंच पिच असेल तर १६ कड्यांना हेच माप येतं. मोजताना चेन ताणलेली पाहिजे. हे माप ३११ मि.मी. च्या पुढे गेलं म्हणजे चेन २ टक्क्यांहून जास्त लांबली, नवीन मागवायची वेळ झाली. एखादी कडी काढून चेन आखूड करण्याचा जुगाड काही दिवसच टिकतो, कारण लांबलेली चेन चक्रीचे दातही खराब करते. दात आकड्यासारखे वाकडे झाले असतील तर चेन आणि चक्र्या एकत्रच बदलाव्यात. जुन्या चक्रीवर नवीन चेन घालणं म्हणजे नवीन चेनचे पैसे वाळूत घालणं.

दोन्ही चक्र्या एका रेषेत आहेत का हे बघायला सरळ पट्टी नसली तरी चालतं. गवंड्याची दोरी दोन्ही चक्र्यांच्या तोंडाला ताणून धरावी. एखादीकडे फट दिसली तर चक्री शाफ्टवर सरकली आहे. तिचा स्क्रू आणि चावी तपासावी.

पट्टा फिरवायला चेनऐवजी व्ही-बेल्ट असेल तर ताणाचा अंदाज असा : दोन पुल्यांमधे एक मीटर अंतर असेल तर मधोमध अंगठ्याने दाबल्यावर बेल्ट साधारण १६ मि.मी. दबला पाहिजे. बेल्टला तेल-ग्रीस लागू देऊ नये. दोन-तीन बेल्टचा संच असेल तर सगळे एकदम बदलावेत.

बेअरिंग

रोलरच्या दोन्ही टोकांना बहुतेक वेळा प्लमर ब्लॉकमधली बेअरिंग असते. वाळूच्या कामात रोज थोडं ग्रीस द्यावं. रोलर हाताने फिरवत फिरवत गनचे दोन-तीन हलके दाब पुरतात. जोरात भरलं तर सील बाहेर फुटतो आणि मग बेअरिंग उघडं पडतं. आधी निपल पुसावं, नाहीतर निपलवरची वाळूच आपल्या हाताने आत जाते. पाण्यात न धुतलं जाणारं ग्रीस मागावं आणि एकच प्रकार कायम ठेवावा. वेगवेगळ्या जातीची ग्रीस एकत्र झाली की कधी कधी पातळ होऊन वाहून जातात.

काम थांबल्यावर, यंत्र पूर्ण बंद करून, बेअरिंगच्या घरावर हात ठेवून बघावा. तीन-चार सेकंदही हात ठेववत नसेल तर ते साधारण ६० अंशांच्या पुढे गेलं आहे. ग्रीस कमी, ताण जास्त किंवा बेअरिंग गेलं, यापैकी काहीतरी आहे. रोलर वर उचलून हलवला आणि खडखड लागली तर बदलायची वेळ झाली.

बेअरिंगवरचा नंबर वहीत लिहून ठेवावा. नेहमीच्या बेअरिंगमध्ये शेवटच्या दोन आकड्यांना ५ ने गुणलं की आतल्या भोकाचं माप मिलिमीटरमध्ये मिळतं. शेवटी ०८ असेल तर ४० मि.मी. चा शाफ्ट. हा हिशेब ०४ पासून पुढे लागू होतो. नंबर माहीत असेल तर तालुक्याच्या दुकानात फोन करून विचारता येतं, एसटीची फेरी वाचते.

पीटीओ शाफ्ट, शिअर बोल्ट, क्लच

दोन्ही क्रॉसना रोज ग्रीस द्यावं. आत-बाहेर होणाऱ्या दोन नळ्या वेगळ्या करून, वाळू पुसून, आठवड्याला एकदा ग्रीसचा पातळ हात द्यावा. वेगळ्या करण्याआधी दोन्हीवर खडूने किंवा रंगाने एक खूण करावी. नळ्या चुकीच्या बसल्या तर दोन टोकांचे काटे एका रेषेत राहत नाहीत, शाफ्ट थरथरतो आणि क्रॉस तुटतो. काम करताना नळ्या एकमेकींत निदान एक तृतीयांश लांबी तरी गेलेल्या असाव्यात. पुळणीच्या टोकाला कडक वळण घेताना पीटीओ बंद करून वळावं.

पट्ट्यात लाकडाचा ओंडका किंवा दगड अडकला तर शिअर बोल्ट तुटतो. तो तुटण्यासाठीच बसवलेला असतो. स्वतः तुटून गिअरबॉक्स वाचवणं हेच त्याचं काम. तो सारखा तुटतो म्हणून जागी कडक पोलादाचा बोल्ट किंवा सळीचा तुकडा ठोकला, तर पुढच्या वेळी बोल्ट टिकतो आणि गिअरबॉक्सचे दात जातात. चहा-वड्याच्या पैशात मिळणारा बोल्ट वाचवायला कुणी गिअरबॉक्स घालवू नये. पुस्तिकेतल्या मापाचे आणि ग्रेडचे दहा बोल्ट ट्रॅक्टरच्या डब्यात कायम ठेवावेत. सारखा तुटत असेल तर पातं खोल आहे किंवा वेग जास्त आहे, ते आधी बघावं.

बोल्टऐवजी घसरणारा क्लच असेल तर पावसाळ्यानंतर त्याच्या प्लेटा गंजून चिकटतात. मग तो घसरतच नाही आणि संरक्षण जातं. हंगाम सुरू करण्याआधी स्प्रिंगचे नट मोजून ढिले करावेत, क्षणभर घसरवून प्लेटा मोकळ्या कराव्यात आणि नट पूर्वीच्याच मापावर आणावेत.

गिअरबॉक्स आणि हायड्रॉलिक

गिअरबॉक्सच्या तेलाची पातळी आठवड्याला बघावी. तेल दुधाळ, ताकासारखं दिसलं म्हणजे पाणी शिरलं. ते लगेच बदलावं आणि सील बघावा. नुसतं वरून तेल ओतत राहिलं तर आतले गिअर गंजतात.

हायड्रॉलिक होज कुठे फ्रेमला घासतोय का ते पाहावं. गळती शोधायला बोट फिरवू नये. दाबाखालचं तेल केसाएवढ्या भोकातूनही कातडीत घुसतं आणि ती जखम बाहेरून छोटी दिसली तरी बोट किंवा हात जाण्याएवढी गंभीर असते. पुठ्ठ्याचा तुकडा फिरवून बघावं. तेल अंगात घुसल्याचा संशय आला तर दुखायची वाट न बघता दवाखाना गाठावा आणि डॉक्टरांना काय झालं ते स्पष्ट सांगावं.

आवाजावरून आणि चालीवरून ओळख

चेन ‘टक टक’ उडते : ढिली झाली, लांबली किंवा चक्रीचे दात गेले.
रोलरकडून कर्र असा कोरडा आवाज : बेअरिंगमध्ये वाळू गेली.
शाफ्ट थरथरतो : क्रॉस झिजला किंवा नळ्या चुकीच्या बसल्या.
पट्टा भरल्यावर थांबतो, रिकामा चालतो : ताण कमी, रोलर गुळगुळीत झाला किंवा वाळूचा भार जास्त.
हायड्रॉलिकवरचा पट्टा गरम झाल्यावर मंद होतो : तेल कमी, फिल्टर चोंदला किंवा पंप-मोटर झिजली.
वाळूच टाकीत जाते, कचरा पुळणीवर राहतो : वाळू ओली आहे किंवा वेग आणि खोली जास्त आहे.

मिरगापासून नारळी पौर्णिमेपर्यंत

पावसाळ्यात यंत्र दोन-तीन महिने उभं राहतं. उभं करण्याआधी एकदा कसून धुवावं, सुकवावं आणि सगळ्या निपलना ग्रीस द्यावं. गंज आला असेल तिथे घासून, प्रायमर मारून रंग लावावा. चेन काढून पातळ तेलात भिजवून डब्यात ठेवली तर उत्तम. रबरी पट्ट्याचा ताण ढिला करावा.

यंत्राला जळकं ऑइल किंवा डिझेल फासायची पद्धत गावोगाव आहे. रबरी पट्ट्याला आणि होजला ते लागलं की रबर फुगतं, मऊ पडतं. शिवाय तेच तेल पुढे वाळूत गळतं. पुळण साफ करायला आणलेल्या यंत्रानेच पुळण तेलकट केली असं व्हायला नको. यंत्र पत्र्याखाली, सावलीत, समुद्राच्या वाऱ्यापासून आडोशाला ठेवावं. नुसती ताडपत्री घट्ट बांधली तर आत दमट हवा कोंडते, म्हणून खालून वारा खेळू द्यावा. उंदीर वायरी आणि होज कुरतडतात, तेही ध्यानात ठेवावं. महिन्यातून एकदा रोलर आणि शाफ्ट हाताने थोडे फिरवावेत, म्हणजे बेअरिंग एकाच जागी गंजून बसत नाही.

वेळास, आंजर्ले, गुहागर अशा ज्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात, तिथे साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत घरटी होतात आणि पिल्लं त्यानंतरही निघत राहतात. या काळात वन विभाग आणि गावातल्या कासवमित्रांना विचारल्याशिवाय यंत्र पुळणीवर उतरवू नये. तिथे हातानेच वेचणी बरी. त्या दिवसांत उभ्या राहणाऱ्या यंत्रालाही पावसाळ्यातलीच निगा लागते.

वही आणि मजुरी

ग्रामपंचायतीचं, बचत गटाचं किंवा ठेकेदाराचं, यंत्र कुणाचंही असो, त्याला एक वही लावावी. तारीख, किती तास चाललं, ग्रीस कुणी दिलं, काय बदललं, कुठला आवाज आला. ऑपरेटर बदलला की नव्या माणसाला यंत्राची कुंडली या वहीतच मिळते. वहीबरोबर एका पेटीत शिअर बोल्ट, चेन लॉक, एक क्रॉस, रोलरचं एक बेअरिंग, काही दाते, स्प्लिट पिन आणि ग्रीस गन असावी. किनाऱ्यावरच्या गावाला तालुक्याचं दुकान लांब असतं. पाच रुपयांच्या स्प्लिट पिनसाठी दोन दिवस काम अडू नये.

शेवटचा मुद्दा पैशाचा. ऑपरेटरला अनेकदा यंत्र चालवण्याच्या तासांचीच मजुरी मिळते. धुण्याचा, ग्रीस देण्याचा अर्धा तास कुठेच लिहिलेला नसतो. दिवसभर उन्हात वाळू खाल्लेला माणूस मग यंत्र तसंच उभं करून घरी जातो, त्यात त्याची एकट्याची चूक नाही. म्हणून ठराव करताना किंवा ठेका देताना तो अर्धा तास मजुरीत धरावा, जवळ गोड्या पाण्याची सोय करावी आणि हे काम नेमकं कुणाचं तेही लिहावं. ज्याचं नाव लिहिलेलं नाही ते काम गावात कुणीच करत नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे.